तीन अक्षरं अलीकडे: युवराज अलेक्सेईच्या हिमोफिलियाचं प्रकरण

१२ ऑगस्ट १९०४ रोजी रशियाच्या झारला चार मुलींनंतर मुलगा झाला. बाळ दीड महिन्याचं असताना त्याच्या नाभीतून रक्त येऊ लागलं आणि ते लवकर थांबेना. याचा अर्थ काय, हे त्याच्या आईला, सम्राज्ञी अलेक्झांड्राला, कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा मामा याच रोगाने गेला होता. तिचा एक भाऊ दोन वर्षांचा असताना खिडकीतून पडला आणि आतल्या रक्तस्रावाने दगावला. तिच्या सख्ख्या बहिणीचा चार वर्षांचा मुलगा तर त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता.

म्हणजे रोगाचं नाव ठाऊक होतं. तो घराण्यात कसा फिरतो हेही ठाऊक होतं: बायका स्वतः बऱ्या राहतात आणि रोग मुलग्यांना येतो, ही रीत अमेरिकेतल्या जॉन कॉनराड ओटो या डॉक्टरांनी १८०३ मध्येच लिहून ठेवली होती. नेमकं बिघडलंय काय, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. ते कळायला १०५ वर्षं लागली आणि कळलं ते त्या मुलाच्या आणि त्याच्या आईच्या हाडांतून. बिघाड डीएनएतल्या एका अक्षराचा होता (डीएनएची माहिती ए, सी, जी, टी या चार रासायनिक 'अक्षरांत' लिहिलेली असते). पण 'एक अक्षर बदललं आणि रोग झाला' एवढं म्हणून थांबलं, तर या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हातातून सुटतो. ते अक्षर कुठे होतं, हे पाहिल्याशिवाय रोग समजत नाही.

आजार

हिमोफिलियाच्या रुग्णाला टाचणी टोचली तरी रक्त वाहून तो मरतो, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. लहान जखमेवर पहिलं बूच बसतं ते प्लेटलेट पेशींचं, आणि त्या या रुग्णांत व्यवस्थित असतात. त्या बुचावर फायब्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी विणली गेली की ते पक्कं होतं. जाळी विणण्याची आज्ञा एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जाते. त्या साखळीत फॅक्टर आठ आणि फॅक्टर नऊ जोडीने काम करतात. दोघांपैकी एक नसला तरी साखळी तिथेच अडते. खरचटलेलं बरं होतं, पण गुडघ्यात, कोपरात, घोट्यात, स्नायूंच्या आत खोलवर सुरू झालेला रक्तस्राव तासन्‌तास, दिवसेंदिवस चालू राहतो. सांध्यात साठलेलं रक्त तिथलं मऊ अस्तर कुरतडतं आणि काही वर्षांत सांधा आखडतो.

१९१२ मध्ये आठ वर्षांच्या अलेक्सेईला नावेत उडी मारताना मांडीपाशी मार लागला. थोडं बरं वाटू लागलं होतं, तोच पोलंडमधल्या स्पावा इथे घोडागाडीच्या हादऱ्यांनी आतला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. मांडीत आणि ओटीपोटात रक्त साचून एवढी गाठ झाली की पाय पोटाशी घेतल्याशिवाय त्याला पडता येईना. अखेरचे धार्मिक विधीसुद्धा उरकले गेले. तो वाचला, पण पाय सरळ व्हायला पुढे कित्येक महिने गेले. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही आणि मूल आत मरणयातना भोगतंय, हे या रोगाचं खरं रूप आहे. राजवाड्याने रोगाचं नाव प्रजेपासून लपवलं. आईच्या वागण्यातली भीती लोकांना दिसत होती, तिचं कारण दिसत नव्हतं, आणि त्या पोकळीत, प्रार्थनेने मुलाला बरं करतो म्हणवणाऱ्या रास्पुतिनसारख्या माणसाचं वजन वाढलं. मार्च १९१७ मध्ये झारने आधी मुलासाठी गादी सोडायचं ठरवलं होतं. मुलाच्या प्रकृतीबद्दल शल्यविशारद फ्योदोरोव यांच्याशी बोलल्यावर त्याने मुलाच्या वतीनेही गादी सोडली.

वंशावळ

अलेक्झांड्राची आजी, ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया, हिला चार मुलगे आणि पाच मुली. मुलग्यांपैकी फक्त लिओपोल्डला हिमोफिलिया होता. तो १८८४ मध्ये तिशीत, पडल्याचं निमित्त होऊन गेला. मुलींपैकी अॅलिस आणि बिअॅट्रिस या दोघी नक्की वाहक, म्हणजे स्वतः बऱ्या पण रोग पुढे देणाऱ्या, कारण दोघींच्या मुलाबाळांत पुढे रोग दिसला. अॅलिसची मुलगी अलेक्झांड्रा रशियात गेली आणि आयरीन प्रशियात. बिअॅट्रिसची मुलगी १९०६ मध्ये स्पेनची राणी झाली आणि तिच्या दोन मुलांना हा रोग निघाला. थोरला मुलगा एडवर्ड सातवा निरोगी होता, म्हणून त्याच्यापासून पुढे चाललेल्या ब्रिटिश गादीवर रोग आलाच नाही.

या मांडणीचा उलगडा एक्स गुणसूत्रात आहे. पुरुषाकडे एक्स एकच असतो आणि तो आईकडूनच येतो, कारण बापाकडून मुलाला वाय मिळतो. एकुलत्या एक्सवरचं जनुक बिघडलेलं असलं तर मुलाकडे दुसरी प्रत नाही. बाईकडे दोन एक्स असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसऱ्यावर निभावतं. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला रोग होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक बाळंतपणात हे गणित नव्याने सुरू होतं, आधीच्या मुलाचा निकाल पुढच्याला लागू पडत नाही. लिओपोल्डच्या घरात तर हे गणित आणखी स्पष्ट दिसतं. त्याच्या मुलीला बापाचा एकमेव एक्स मिळणं अटळ होतं, म्हणजे ती वाहक असणार हे ती जन्मतानाच ठरलं. तिचा मुलगा रुपर्ट १९२८ मध्ये मोटार अपघातानंतर गेला आणि तो हिमोफिलियाचा रुग्ण होता. लिओपोल्डच्या मुलाला मात्र वाय मिळाला आणि तो या रोगापासून मोकळा राहिला. एखादं लक्षण लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राशी बांधलेलं असू शकतं हे टी. एच. मॉर्गन यांनी फळमाशीच्या पांढऱ्या डोळ्यांवरून १९१० मध्ये दाखवलं, तेव्हा अलेक्सेई पाच-सहा वर्षांचा होता.

राजघराण्यांत आपसांत लग्नं होत म्हणून हा रोग पसरला, असं वारंवार छापून येतं. ते खोडून काढायलाच हवं. नात्यातल्या लग्नाचा धोका असतो तो दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत आल्याशिवाय न दिसणाऱ्या रोगांत. इथे मुलाला एक्स फक्त आई देते. अलेक्झांड्राचा नवरा तिच्या नात्यातला असता काय आणि अगदी परका असता काय, अलेक्सेईच्या वाट्याला आलेली शक्यता तीच राहिली असती.

सुरुवात कुठून?

व्हिक्टोरियाच्या आधीच्या पिढ्यांत या रोगाची नोंद नाही. मग तिच्यात तो आला कुठून? यावरून तिच्या जन्माबद्दल कुजबुजही झाली: तिचा खरा बाप वेगळाच कुणी असेल. त्या तर्काची गरजच नाही. आजही हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच रोग नसतो. उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएतला बदल, त्यांच्यात किंवा जवळच्याच पिढीत नव्याने झालेलं असतं.

ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी याच रोगावरून एक सुंदर हिशेब मांडला. त्या काळी बहुतेक रुग्ण स्वतःला मूल होण्याआधीच जात. म्हणजे बिघडलेल्या जनुकाच्या काही प्रती प्रत्येक पिढीत पुसल्या जात होत्या. असं चालू राहिलं तर रोग केव्हाच नाहीसा व्हायला हवा होता, आणि तो तर होत नव्हता. याचा अर्थ, जितक्या प्रती पुसल्या जातात तितक्याच नव्याने तयार होतात. एवढ्या तर्कावर त्यांनी १९३५ मध्ये माणसाच्या एका जनुकात उत्परिवर्तन किती वेगाने होतं याचा अंदाज काढला. डीएनएची रचना कळायला तेव्हा अजून १८ वर्षं होती! पुढे त्यांनी असंही दाखवलं की ही नवी उत्परिवर्तनं आईपेक्षा बापाच्या बाजूने जास्त येतात. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात, प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून अक्षर चुकतं. आता पूर्ण जनुकसंच वाचता येतो, त्यामुळे हे मोजूनही झालंय: प्रत्येक नवजात बाळात साधारण ६० ते ७० नवे बदल असतात आणि बापाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे त्यांत एक-दोनाची भर पडते. व्हिक्टोरियाचा जन्म झाला तेव्हा तिचे वडील, ड्यूक ऑफ केंट, ५१ वर्षांचे होते. बदल तिथेच झाला असावा हा हॉल्डेन यांचाही कयास होता.

हे मी एवढं लांबवलं त्याला कारण आहे. अलेक्झांड्रा आयुष्यभर स्वतःला अपराधी मानत राहिली, आणि 'रोग आईकडून येतो' हे वाक्य ऐकून आजही अनेक आया तेच करतात. नकलेतली चूक कुणी करत नाही, ती होते. यात बाईने काही केल्याचा किंवा न केल्याचा कणभरही संबंध नाही.

दोन हिमोफिलिया

१९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या रोझमेरी बिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टीफन ख्रिसमस नावाच्या लहान मुलाचं प्रकरण प्रसिद्ध केलं. त्यातला प्रयोग साधा होता आणि म्हणूनच बिनतोड होता. हिमोफिलियाच्या एका रुग्णाचं रक्त गोठत नाही. दुसऱ्याचंही नाही. पण दोघांचं रक्त एकत्र केलं तर कधीकधी ते नीट गोठतं! दोघांत एकच वस्तू कमी असती तर असं झालं नसतं. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे, म्हणजे रोग दोन आहेत. फॅक्टर आठ नसेल तर हिमोफिलिया ए, फॅक्टर नऊ नसेल तर बी. दोन्ही जनुकं एक्सवरच आहेत, दोन्हींची लक्षणं सारखी आहेत, वंशावळीवरून त्यांत फरक करता येत नाही. ए बराच जास्त आढळतो. बी साधारण २५ ते ३० हजार मुलग्यांमागे एकाला होतो.

हे कळलं तोवर राजघराण्यातल्या ज्ञात रुग्णांपैकी कुणी हयात राहिलं नव्हतं. त्यांचा रोग कुठला, हे सांगायला गोठवून पाहावं असं रक्तच उरलं नव्हतं.

हाडं

१७ जुलै १९१८ च्या पहाटे येकातेरिनबुर्गमध्ये झारचं कुटुंब आणि त्यांची चार माणसं मारली गेली. अलेक्सेईला त्या रात्री बापाने उचलून खाली आणलं होतं. एप्रिलमधल्या रक्तस्रावानंतर त्याला चालता येत नव्हतं. १९९१ मध्ये जंगलातून नऊ सांगाडे अधिकृतपणे बाहेर काढले गेले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया या भागाचा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो, म्हणून अलेक्झांड्राची ओळख पटवायला तिच्या बहिणीचा नातू शोधावा लागला, आणि तो होता ब्रिटनच्या राणीचा नवरा, प्रिन्स फिलिप: अलेक्झांड्राच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. त्याच्या रक्ताशी नमुना जुळला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

झारच्या हाडांत आणखी एक गंमतीची गोष्ट सापडली. त्याच्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत एका जागी दोन वेगवेगळी अक्षरं एकाच शरीरात नांदत होती. शंका घेतल्या गेल्या, नमुना दूषित असेल असं म्हटलं गेलं. मग त्याच्या भावाचे अवशेष काढून तपासले, तर त्याच जागी तोच दुहेरीपणा. हेही उत्परिवर्तनच. त्याने कुणाचं काही बिघडवलं नाही, उलट ओळख पक्की करायला मदत केली. आपल्या प्रत्येकात असलेले बहुतेक बदल असेच निरुपद्रवी असतात.

२००७ मध्ये जवळच दुसरा खड्डा सापडला. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी यांच्या जळलेल्या हाडांचे तुकडे होते. २००९ मध्ये येव्गेनी रोगायेव यांच्या गटाने अलेक्झांड्राच्या अवशेषांतल्या दोन्ही जनुकांचा शोध घेतला. फॅक्टर आठच्या जनुकात रोगाला कारण ठरेल असं काही दिसलं नाही. फॅक्टर नऊच्या जनुकात एका जागी तिच्याकडे दोन अक्षरं निघाली, एक्सच्या एका प्रतीवर ए आणि दुसरीवर जी. अलेक्सेईकडे फक्त जी. एका बहिणीकडे आईसारखीच दोन्ही, म्हणजे तीही वाहक होती. युवराजाचा रोग हिमोफिलिया बी होता.

ते अक्षर

फॅक्टर नऊचं जनुक सुमारे ३४,००० अक्षरांचं आहे, पण प्रथिनाची कृती त्यातल्या फक्त आठ तुकड्यांत लिहिलेली असते. या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात आणि मधल्या लांबलचक भागांना इंट्रॉन. पेशी आधी सगळ्याची आरएनए या डीएनएसारख्याच रेणूत नक्कल करते, मग इंट्रॉन कापून फेकते आणि एक्झॉन एकमेकांना जोडते. कापायचं कुठे याची खूण असते: इंट्रॉनचा शेवट 'एजी' या दोन अक्षरांनी होतो. त्याच्या पुढच्या अक्षरापासून एक्झॉन सुरू.

अलेक्सेईमधला बदल चौथ्या एक्झॉनच्या तीन अक्षरं अलीकडे होता. म्हणजे तो प्रथिनाच्या कृतीत नव्हताच; फेकून द्यायच्या भागात होता. तिथल्या शेवटच्या चार अक्षरांत 'ए, ए, ए, जी' असं होतं. दुसऱ्या जागचं ए बदलून जी झालं आणि ओळ 'ए, जी, ए, जी' अशी बनली. आता कापायची खूण दोन अक्षरं आधीच उमटली. पेशीने तिथेच कापलं, आणि जी दोन अक्षरं टाकून द्यायची ती कृतीत शिरली.

दोनच अक्षरांनी एवढा अनर्थ का व्हावा? कारण कृती तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते. तीन-तीन अक्षरांची एक ओळ घेऊ: 'मदन कलश उचल सडक पकड'. 'मदन'नंतर 'अग' ही दोन अक्षरं घुसवली आणि तीन-तीननेच वाचत राहिलं, तर होतं 'मदन अगक लशउ चलस डकप कड'. पुढचं एकही अक्षर बदललेलं नाही, तरी एकही शब्द उरला नाही. जनुकात आणखी एक संकट असतं: अशा विस्कटलेल्या वाचनात लवकरच 'थांबा' असा अर्थ असलेला गट लागतो आणि प्रथिन अर्ध्यातच तुटतं. फॅक्टर नऊचं खरं काम करणारा भाग शेवटाकडे आहे. तो तयारच होत नाही.

तीन अक्षरं एकदम घुसली असती तर कदाचित एक जास्तीचं अमायनो आम्ल आलं असतं आणि बाकी वाचन जागच्या जागी राहिलं असतं. इंट्रॉनच्या मध्यावर, खुणेपासून दूर, हेच ए बदलून जी झालं असतं तर बहुधा कुणाला कळलंही नसतं.

त्याच जनुकातली दुसरी दोन अक्षरं

हे किती खरं आहे ते पाहायला याच जनुकातले आणखी दोन बदल शेजारी ठेवावेत. पहिला नेदरलँड्समधल्या लायडन शहराच्या नावाने ओळखला जातो. इथे कृती पूर्ण निर्दोष असते. बदल जनुकाच्या सुरुवातीपाशी, ते चालू करणाऱ्या भागात असतो. मुलगा लहानपणी तीव्र रुग्ण असतो, आणि वयात येऊ लागला की फॅक्टर नऊची पातळी आपोआप चढत जाते, रोग ओसरतो. पुरुषी संप्रेरकं वाढल्यावर ते जनुक दुसऱ्या मार्गाने चालू होतं. तेच अक्षर, तोच माणूस, आणि वय बदललं की लक्षण बदलतं. जनुकांबद्दल 'कपाळावर लिहिलेलं' अशा थाटात बोलणाऱ्यांनी या रुग्णांकडे जरूर पाहावं.

दुसरा बदल इटलीतल्या पादुआचा. २००९ मध्येच प्रसिद्ध झालेलं हे प्रकरण उलट्या दिशेचं आहे. २३ वर्षांच्या एका तरुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली. त्याच्या रक्तात फॅक्टर नऊचं प्रमाण नेहमीएवढंच होतं, पण त्याचा जोर सुमारे आठपट. कारण एकच अक्षर: त्यामुळे प्रथिनातल्या ३३८व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन आलं होतं. एकाच जनुकात एक अक्षर रक्त गोठू देत नाही, आणि दुसरं नको तिथे गोठवतं.

पादुआचं अक्षर पुढे औषध झालं. हिमोफिलिया बीवरच्या जनुकीय उपचारात निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून यकृताच्या पेशींना फॅक्टर नऊचं जनुक दिलं जातं. साधं जनुक दिलं तर तयार होणारं प्रथिन कमी पडतं. पादुआचं दिलं तर थोडक्या प्रथिनातही भागतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या हेमजेनिक्समध्ये हेच रूप वापरलंय. एका डोसची किंमत ३५ लाख डॉलर ठेवली गेली, आणि ज्या रोगाचे रुग्ण जगभर विखुरलेले आहेत त्याच्या औषधाची ही किंमत मला अन्यायाची वाटते.

आज असा मुलगा आला तर

नाभीतून रक्त थांबत नाही म्हणून आणलेल्या बाळाचा फॅक्टर आज त्याच दिवशी मोजता येतो. नेहमीच्या पातळीच्या एक टक्क्याच्या खाली असेल तर तीव्र, एक ते पाच मध्यम, त्यापुढे चाळीसपर्यंत सौम्य. रोग बी आहे हे ठरलं की फॅक्टर नऊ शिरेतून नियमित दिला जातो, रक्तस्राव होण्याची वाट न पाहता. अॅस्पिरिन वर्ज्य, कारण ते प्लेटलेटचं बूचही कमकुवत करतं.

मग जनुक वाचायचं. फॅक्टर नऊच्या जनुकात आजवर हजाराहून जास्त वेगवेगळे बदल नोंदले गेले आहेत आणि आपल्या बाळात कुठला, याचा उपचारावर थेट परिणाम होतो. ज्याच्या शरीरात हे प्रथिन अजिबात तयार होत नाही, त्याला बाहेरून दिलेला फॅक्टर परका वाटू शकतो. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, औषध निकामी होतं, आणि हिमोफिलिया बीमध्ये तर अशा वेळी जिवावर बेतणारी अॅलर्जीही येऊ शकते. म्हणून वाचन अर्ध्यात तोडणारा बदल सापडला, तर सुरुवातीचे डोस घरी न देता रुग्णालयातच, देखरेखीखाली देतात.

आणि बहिणी. त्यांच्यात ते अक्षर आहे का, ही एक तपासणी. त्यांचा स्वतःचा फॅक्टर किती, ही वेगळी. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स बंद असतो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. कुठला बंद होईल हे योगायोगावर असतं, त्यामुळे वाहक बाईची पातळी सरासरीने निम्मी असली तरी कुणाची जवळजवळ पूर्ण तर कुणाची फारच कमी निघते. 'वाहक आहे, म्हणजे तिला काही होत नाही' असं म्हणून पूर्वी तिचं रक्त कुणी मोजतच नसे. चाळीस टक्क्यांच्या खाली पातळी असलेल्या वाहक बाईची नोंद आता सौम्य हिमोफिलियाची रुग्ण म्हणूनच करतात, आणि दाढ काढण्याआधी, शस्त्रक्रियेआधी, बाळंतपणाआधी तिच्यासाठी फॅक्टरची सोय करून ठेवतात.